चित्र आलं नाही त्या दिवशी

आमच्या घराला दोन दरवाजे होते. मागचा अंगणातून स्वयंपाकघरात यायचा, तो आमचा. आणि पुढचा सरळ गल्लीवर उघडायचा, तो शालू आत्याचा. चौबे कॉलोनीतलं ते घर बाबांनी कर्ज काढून बांधलं तेव्हा पुढची खोली बैठक म्हणून ठेवली होती. पण आत्या गोंदियाहून सासर सोडून परत आली आणि थोड्याच महिन्यांत त्या खोलीत सहा टाइपरायटर आले, दोन इंग्रजीचे आणि चार हिंदीचे. ती परत का आली हे घरात कोणी बोलत नसे. मीही पुढे कधी विचारलं नाही. मला आत्या कळली ती टाइपिंगवाली म्हणूनच. सकाळी साडेसहाची बॅच सुरू झाली की सगळ्या घरात खडखडाट भरायचा, आणि ओळ संपल्याची बारीक घंटी सहा ठिकाणांहून वेगवेगळ्या वेळी वाजायची. मी त्या आवाजात झोपायची. रविवारी विहारात जायचं म्हणून क्लास बंद असायचा, तर त्या दिवशी मला लवकर जाग यायची.

क्लासला येणाऱ्या मुली बहुतेक न खाता घरून निघायच्या. आई तांदळाच्या पिठाचे चीले, म्हणजे धिरडी, काढायची आणि टमाटरच्या चटणीसोबत स्टीलच्या ताटात पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून द्यायची. तिला आत्याच्या क्लासचं कौतुक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. ती म्हणायची, "पोट्ट्या उपाशी बोटं आपटून राहिल्या, मले पायवत नाही." आमच्याकडे जेवणात दोन्हीकडचं असायचं. वडा-भात आणि जवसाची चटणी नागपूरकडची, तर मुनग्याची म्हणजे शेवग्याची भाजी आणि उन्हाळ्यात रात्रभर पाण्यात भिजवलेला बासी भात इथला. आम्ही घरात मराठी बोलायचो, दारात हिंदी, आणि मुलींशी अर्धीमुर्धी छत्तीसगढी. दुलारी नावाची एक मुलगी होती, तेलीबांध्याच्या तलावाकडून सायकलने यायची. तिला काहीही विचारलं की ती आधी "हव", म्हणजे हो, म्हणायची आणि मग विचार करायची. आत्याच्या मते तिच्या बोटांसारखी बोटं वर्षातून एकदा मिळतात.

मग नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. भोपाळहून फायलींनी भरलेले ट्रक आले, जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं, आणि कॉलोनीत भाड्याने घर शोधत साहेब लोक फिरू लागले. पानवाल्यापासून ते आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकाला कुठे कोणती खोली रिकामी आहे ते माहीत असायचं. टाइपिंगच्या बॅचा मात्र पातळ होत गेल्या. मुली दारात येऊन विचारायच्या, "मैडम, कम्प्यूटर सिखाते हो?" आत्या नाही म्हणायची आणि त्या पुढच्या गल्लीत जायच्या. सहा महिने तिने हे पाहिलं. मग एक हिंदी टाइपरायटर ठेवून बाकीचे विकले, बायकांच्या भिशीतली आपली पाळी आधी मागून घेतली, आणि पंडरी बाजारात कपड्याच्या दुकानांच्या वर बसणाऱ्या मनोज भैयाकडून तीन कम्प्युटर जुळवून आणले. आत्या तेव्हा चाळिशीची होती. मी बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि त्या घरात कम्प्युटरबद्दल थोडंफार कळणारी मी एकटीच.

तेव्हा सगळीकडे एकाच सीडीवरून चोरून टाकलेलं विंडोज चालायचं, आमच्याकडेही तेच होतं. पण सरकारची एक योजना निघाली. मान्यता मिळालेल्या क्लासमध्ये शिकलेल्या मुलींना कार्यालयांच्या भरतीत आधी बोलावणार होते, आणि मान्यतेच्या अटींत एक अट होती की कम्प्युटरमध्ये चोरीचं काही नको. विकत घेणं आत्याला झेपणारं नव्हतं. तिने मला विचारलं, फुकटचं पण चोरीचं नाही असं काही असते का. होतं. एका मासिकासोबत लिनक्सच्या सीड्या आल्या होत्या, त्या मी कॉलेजच्या वाचनालयातून आणल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत विंडोज काढून तिन्ही मशीनवर चढवल्या. मनोज भैयाने हिंदीचा फाँट टाकून दिला. हिंदी टाइपरायटरच्याच कळा, त्यामुळे मुलींना नवीन काही शिकावं लागलं नाही. आत अक्षरं इंग्रजीच राहायची, पडद्यावर तेवढी हिंदी दिसायची.

आत्याचं जमायचं नाही ते माउसशी. टेबलाची कड आली की ती माउस उचलून हवेत धरायची आणि बाण काहून हलत नाही म्हणून माझ्याकडे पाहायची. मला मासिकात वाचून एक युक्ती कळली होती. तीन कळा एकत्र दाबल्या की चित्रांचा पडदा बाजूला होतो आणि नुसता काळा पडदा येतो, पांढऱ्या अक्षरांचा. नाव विचारतो, पासवर्ड विचारतो, मग कर्सर लुकलुकत बसतो. मी ते गंमत म्हणून दाखवलं. आत्या खुर्ची ओढून बसली आणि उठलीच नाही. इथे माउस नव्हता, खिडक्या नव्हत्या, टाइप करायचं आणि खाली ओळ उमटायची. दोन आठवड्यांत ती त्या काळ्या पडद्यावर फायली बनवू लागली, शोधू लागली, मुलींचे धडे त्यातच घेऊ लागली. हिंदी तेवढं तिथे येत नसे, त्यासाठी परत चित्रांकडे जावं लागायचं. "हे मले समजते वं संगे," ती मला म्हणाली. "त्या दुसऱ्यात कोठी काय ठेवलं तेच सापडत नाही."

इकडे बाबांकडे एका साहेबांचा निरोप आला. भोपाळहून बदली झालेले, कुटुंब अजून तिकडेच, त्यांना वेगळ्या दरवाजाची एक मोठी खोली हवी होती. बाबा सिंचन खात्यात क्लार्क होते आणि घराचे हप्ते चालू होते. बाबांना लोभी म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना एवढंच दिसत होतं की ज्या खोलीचे चांगले पैसे येऊ शकतात तिथे तीन कम्प्युटर आणि सात मुली आहेत. जेवताना ते म्हणाले, "शालू, तुह्या मान्यतेचं काय ते होऊन जाऊ दे. मिळाली तर मी त्या साहेबाले नाही म्हणतो. नाही मिळाली तर मंग आपण विचार करू." आत्या बरं म्हणाली आणि ताटातला भात कालवू लागली.

तपासणीची तारीख कळली तसं घर झाडून निघालं. आईने पडदे धुतले. मनोज भैयाला आत्याने सांगितलं की मशीन उघडून धूळ काढून दे. तो ती दुकानात घेऊन गेला आणि तपासणीच्या आदल्या संध्याकाळी परत आणून ठेवली. जाताना खुशीत म्हणाला, "दीदी, कार्ड भी बदल दिए हैं, नए वाले हैं। अब एकदम साफ़ दिखेगा। ये मेरी तरफ़ से।" आत्याने त्याला चहा पाजला. लाइट गेलेली होती, म्हणून मशीन लावून पाहता आली नाहीत.

सकाळी तपासणीचे साहेब वेळेच्या आधी आले. उंच, चष्मा लावलेले, आवाज मऊ. सोबत एक शिपाई. आत्या त्यांना खुर्ची देत होती तेव्हाच मी तिन्ही मशीन सुरू केली. काळ्या पडद्यावर नेहमीच्या ओळी पळू लागल्या, प्रत्येकीच्या शेवटी उजवीकडे हिरवं ओके. सगळ्या ओळी संपल्या की पडदा एकदा काळा होऊन चित्र यायचं. पडदा काळा झाला. मग ओळी परत दिसल्या. परत काळा, परत ओळी. तिसऱ्यांदा तसंच झालं आणि मग एक इंग्रजी वाक्य आलं, ज्याचा अर्थ असा की चित्र दाखवणारा प्रोग्राम फार लवकर लवकर उठून पडतो आहे, म्हणून त्याला पाच मिनिटांसाठी थांबवलं आहे. खाली नाव विचारत कर्सर थांबला. शेजारच्या मशीनवर तेच, पलीकडच्या मशीनवर तेच. मी एक मशीन बंद करून चालू केलं, तरी तसंच. साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारलं, "ख़राब हो गया क्या?"

मी काही बोलणार त्याआधी आत्या माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिने तिन्ही पडदे पाहिले. "संगे, सरक," ती हळूच म्हणाली. "बंद नाही पडलं. नाव विचारून राहिलं ना? मंग सांगू त्याले." आणि साहेबांकडे वळून हिंदीत म्हणाली, "ख़राब नहीं है सर। आज तस्वीर नहीं आ रही, बाक़ी सब चल रहा है। मैं क्लास लेती हूँ, आप देख लीजिए।"

तिने क्लास घेतला. मुली दोन-दोन, एका मशीनवर तिघी, अशा बसल्या. फाइल बनवा, नाव द्या, तिच्यात पत्ता टाइप करा, ठेवा, आता शोधून दाखवा, आता तिची दुसरी प्रत करा. मुली माउसशिवाय हे रोजच करत होत्या, त्यांच्या बोटांना काही फरक पडला नाही. अडचण एकच झाली. ती पाच मिनिटं संपली की तो प्रोग्राम परत उठायचा, पडदा तीनदा काळा व्हायचा आणि मुलीचं अर्धं वाक्य दिसेनासं व्हायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा दुलारी दचकली. आत्या म्हणाली, "रुको। आएगा।" मी कळा दाबून तिचा पडदा परत आणून दिला, वाक्य जिथे होतं तिथेच होतं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा दुलारीने हात मांडीवर घेतले आणि शांत थांबली. साहेबांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. आतल्या दारात बाबा उभे होते, ऑफिसला जायचे कपडे घालून. त्यांची वेळ होऊन गेली होती.

मग साहेब म्हणाले, "अब हिंदी में कुछ टाइप करवाइए।"

मला वाटलं आता आत्या सांगेल की उद्या या. ती दुलारीला म्हणाली, "कर।" दुलारीने त्यांनी सांगितलेलं वाक्य हिंदी टाइपरायटरच्या कळांनी न चुकता टाइप केलं. पण काळ्या पडद्यावर तो फाँट चालत नव्हता, त्यामुळे ज्या इंग्रजी कळांवर ती हिंदी अक्षरं बसवलेली तीच अक्षरं उमटली. साहेब वाकून पाहू लागले. "ये क्या लिखा है? एच, के, के, जे, आर?"

"भारत," आत्या म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. आत्याने पुढची सगळी ओळ वाचून दाखवली, त्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून, हिंदीत, न अडखळता. इतकी वर्षं त्या कळा शिकवल्या होत्या तिने, कुठल्या कळेखाली कुठलं अक्षर आहे हे तिला आठवावं लागत नव्हतं. साहेब हसले, पण चेष्टेने नाही. म्हणाले, "मैडम, आप पढ़ लेंगी। दफ़्तर में चिट्ठी आई तो मैं कैसे पढ़ूँगा?"

"ये बात सही है," आत्या म्हणाली.

"आज हिंदी आ सकती है इस पर?"

"आज नहीं आएगी सर। क्यों नहीं आ रही, ये भी मुझे अभी पता नहीं है।"

"तो मुझे यही लिखना पड़ेगा।"

"लिखिए। जो दिखा वही लिखिए।"

त्यांनी लिहिलं. पडद्यावर हिंदी नाही म्हणजे मान्यता नाही, आणि यादी त्याच दिवशी पाठवायची होती. जाताना मुलींचे हात चांगले आहेत एवढं म्हणाले आणि शिपायासोबत पुढच्या क्लासला निघून गेले. आईने त्यांच्यासाठी केलेले पाटवडीचे तुकडे झाकलेलेच राहिले, ते दुपारी मुलींनी खाल्ले.

संध्याकाळी बाबा परत आले, हातपाय धुतले आणि आत्याच्या खोलीत जाऊन बसले. ते सहसा त्या खोलीत बसत नसत. "शालू, मले समजते तुले वाईट वाटून राहिलं," ते म्हणाले. "पण मी त्या भोपाळच्या साहेबाले शब्द देऊन बसलो." आत्या म्हणाली, "दादा, खोली तुमची आहे. मले महिनाअखेरपर्यंत ठेवा." बाबांना बहुतेक भांडण अपेक्षित होतं. ते उठून गेले. मला त्यांचा राग आला होता, आणि आत्याचा त्याहून जास्त, कारण ती रडली नाही, मनोज भैयाला बोलली नाही, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "आता ते काहून आलं नाही ते तर पाहू." आम्ही दोघी बसलो. लिनक्स सुरू होताना काय काय झालं ते सगळं एका फायलीत लिहून ठेवतं. ती फाइल उघडून मी एकेक ओळ वाचली आणि तिला मराठीत सांगितली. गोष्ट साधी होती. जुन्या कार्डांशी, म्हणजे पडद्याला चित्र पुरवणाऱ्या भागांशी, बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कोणता हे एका ठिकाणी नाव घालून लिहिलेलं होतं. मनोज भैयाने कार्डं बदलली, नाव मात्र जुनंच राहिलं. मशीन त्या ड्रायव्हरला हाका मारत होतं, त्याला त्याचं कार्ड सापडत नव्हतं, म्हणून पडदा नाही असं लिहून चित्राचा प्रोग्राम थांबत होता. बाकी मशीनला त्याने काही फरक पडला नव्हता. ते चित्राच्या आधीच पूर्ण उठलेलं होतं आणि साध्या अक्षरांत काम करायला तयार होतं. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आमच्या सीडीवर नव्हताच. पण मासिकाच्या एका कोपऱ्यात लिहिलं होतं की ड्रायव्हर नसेल तर 'वेसा' असं लिहा. ही अशी पद्धत आहे जी जवळजवळ कुठल्याही कार्डाला समजते. चित्र जाडंभरडं येतं, पण येतं. आत्याने जुनं नाव खोडून ते इंग्रजी चार अक्षरी नाव टाइप केलं, फाइल ठेवली आणि मशीन परत सुरू केलं. ओळी पळाल्या, पडदा काळा झाला, आणि चित्र आलं. मोठमोठी अक्षरं, फिकट रंग. आत्याने हिंदीची फाइल उघडली. भारत लिहिलेलं दिसलं.

"आलं," ती म्हणाली. मग दुसऱ्या मशीनकडे वळली.

आज हे लिहिताना मला हसू येतं, कारण माझी सगळी नोकरी पुढे याच गोष्टीत गेली. नव्या रायपूरला एका थंड खोलीत मी जी मशीन सांभाळते त्यांना पडदाच नाही, ती वर्षानुवर्षं नुसत्या अक्षरांवर चालतात. आणि घरच्या कम्प्युटरवर आता असा गोंधळ सहसा होत नाही. मशीन उठतानाच आपल्या जुजबी साधनाने काहीतरी चित्र दाखवून ठेवतं आणि खरा ड्रायव्हर मिळाला की त्याच्या हाती देतं. मिळाला नाही तर त्या जुजबीवरच दिवस काढतं. माझ्या हाताखालची पोरं पडदा काळा झाला की लगेच मशीन बंद करून चालू करतात. मी त्यांना आधी हात मागे घ्यायला लावते. काय लिहिलं आहे ते वाचा म्हणते. ती हो दीदी म्हणतात आणि परत तेच करतात.

खोली दुलारीच्या वडिलांनी दाखवली, तेलीबांध्याला, सिमेंटच्या दुकानाच्या वर. मी आत्यासोबत गेले होते. चढ उभा, पायऱ्यांना कठडा नाही, खिडकीतून तलाव दिसायचा आणि त्याच्या काठाला नव्या इमारतींचे बांबू. मालकाने विचारलं, आपके साथ कौन रहेगा. आत्या म्हणाली, "दिन में लड़कियाँ, रात में मैं।" राहायलाही तिथेच जाणार हे मलाही तेव्हाच कळलं. घरी सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, इतकी वर्षं झाली, आता काहून. खोली गेली म्हणून घर थोडंच गेलं. आत्या म्हणाली, "वहिनी, तुमच्यावर राग नाही धरला मी. मान्यता नाही तर नाही. हिंदी येऊन राहिली आता. शिकवीन." आईने मग तिच्यासाठी वेगळा पोळपाट, तवा आणि दोन पातेली काढून बांधली.

सामान न्यायच्या दिवशी मनोज भैया टेम्पो घेऊन आला. कार्डं बदलल्याचं त्याला फार लागलं होतं, तो भाडं घेईना. हमाल सांगून ठेवला होता, तो आला नाही. त्या काळचे मॉनिटर म्हणजे एकेक पोत्याएवढं ओझं. बाबा सुट्टी घेऊन आले होते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. सायकलवरून टेम्पोच्या मागे मागे तेलीबांध्यापर्यंत आले. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पहिला मॉनिटर छातीशी धरून त्या उभ्या पायऱ्या चढू लागले. "दादा, मी धरतो ना दुसऱ्या बाजूनं," आत्या म्हणाली, आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. ते म्हणाले, "तू वर हो, जागा दाखव." तिन्ही मॉनिटर त्यांनीच चढवले, मनोज भैयाला हात लावू दिला नाही. शेवटचा ठेवून ते स्टुलावर बसले. दम लागला होता, कपाळावरून घाम गळत होता. आत्याने पाणी दिलं. ते पाणी प्यायले, खोलीभर नजर फिरवली आणि वर पाहिलं.

"इथं पंखा नाही?"

"घेईन दादा. पहिली फी येऊ दे."

त्या संध्याकाळी बाबा घरी आले, अंगणातून शिडी आणली आणि पुढच्या खोलीतला पंखा काढायला चढले. साहेब दोन दिवसांत राहायला येणार होते. आई दारात उभी राहून म्हणाली, "अहो, ते काय म्हणतील?"

"तो साहेब आहे," बाबा वरूनच म्हणाले. "तो घेईल." मग खाली हात करून मला म्हणाले, "संगे, पेचकस दे, आणि पाती धर. खाली पडू देऊ नको."

मी पाती धरली. सकाळी ऑफिसच्या आधी त्यांनी तो पंखा सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधला आणि तेलीबांध्याच्या रस्त्याला लागले.